मलिक अंबर यांचा खरा वारस



बारामती तालुक्यातील सांगवीहून दक्षिणेकडे निघालो की नीरा नदी लागते आणि ती ओलांडली की फलटणचा मुलूख सुरू होतो. पूर्वेला इंदापूर आहे, वायव्येला सुपे. आपल्यापैकी अनेकांची या वाटांवर रोजची ये-जा आहे. चार शतकांपूर्वी मात्र नीरा ही साधारणपणे दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे अहमदनगरची निजामशाही, पलीकडे विजापूरची आदिलशाही. फलटण हे शहाजीराजे भोसले यांचे आजोळ. पुणे व सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत होते आणि शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. या साऱ्या मुलखाच्या भवितव्यावर ज्या एका पुरुषाची सावली पंचवीस वर्षे पडलेली होती, त्याचे नाव मलिक अंबर. त्यांचे जीवन आज आपल्यासमोर ठेवण्याचे कारण त्यांचे पराक्रम एवढेच नाही. पुढारी कसा असावा हे त्यांच्या आयुष्यातून शिकता येते, आणि पुढाऱ्याने मागे काय ठेवून जावे हे त्यांच्या मृत्यूनंतरच्या सात वर्षांतून शिकता येते.

मलिक अंबर यांचा जन्म 1548 च्या सुमारास हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात असा प्रवास करीत ते बगदादला पोहोचले. तेथील मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने या मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविले. तेथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि अंबर हे नाव त्यांना मिळाले. पुढे ते दख्खनमध्ये आले आणि निजामशाहीचे पेशवे चंगीजखान यांनी त्यांना विकत घेतले. हे चंगीजखान स्वतःही हबशी होते आणि एके काळी गुलाम होते. अंबरांनी कारभार, फौज आणि दरबार जवळून पाहिला तो त्यांच्याच हाताखाली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याला घर नव्हते, कुळ नव्हते, ज्याच्या पाठीशी एकही नातेवाईक नव्हता, त्याला दोन माणसांनी घडविले. एकाने अक्षर दिले, दुसऱ्याने जबाबदारी दिली. दोघांपैकी कोणाशीही त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

चंगीजखानांच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मुक्त झाले. काही काळ त्यांनी विजापूरकरांकडे चाकरी केली आणि मग ते अहमदनगरला परतले. 1600 साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबीबी मारल्या गेल्या, सुलतान कैद झाला आणि निजामशाही संपली असे सर्वांनीच गृहीत धरले. त्या वेळी अंबर हे काही मोठे सरदार नव्हते. तरीही त्यांनी राजघराण्यातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले, दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून त्याच्या नावाने कारभार सुरू केला आणि विखुरलेली माणसे पुन्हा एका निशाणाखाली आणली. पुढे राजधानी जुन्नरला व तेथून दौलताबादला गेली. 1610 मध्ये त्यांनी अहमदनगरचा किल्ला परत जिंकला आणि त्याच सुमारास खडकी हे नवे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या नगराला त्यांनी भूमिगत नहर बांधून पाणी आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ती आजही ओळखली जाते.

मोगलांची फौज मोठी होती, तोफखाना भारी होता. अंबरांनी जाणले की मैदानात समोरासमोर उभे राहून हे युद्ध जिंकता येणार नाही. म्हणून त्यांनी चपळ घोडदळ उभे केले. शत्रूची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगर आणि नदी-नाले आपल्या बाजूने वापरायचे, ही त्यांची रीत. यासाठी त्यांना या भूमीची माणसे हवी होती, आणि त्यांनी मराठा सरदार व शिलेदार मोठ्या संख्येने आपल्या फौजेत घेतले. हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे एका छावणीत वाढले. 1616 मध्ये रोशनगावच्या लढाईत त्यांचा मोठा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. त्यांनी नगर पुन्हा उभारले. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्यांच्यावर चालून आल्या. तेव्हा त्यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळावर पाणी सोडले, वाटा चिखलमय केल्या आणि मग हल्ला केला. अंबरांचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होते. या लढाईत शहाजीराजे त्यांच्या बाजूने लढले आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. अहमदनगरच्या शाह शरीफ या सूफी संताच्या नावावरून मालोजीराजांनी आपल्या दोन्ही पुत्रांची नावे ठेवली, असे परंपरा सांगते.

तलवारीहून अधिक दूरवर पोहोचला तो त्यांचा महसुली कारभार. त्यापूर्वी गावाचा सारा वसूल करण्याचा ठेका दिला जाई आणि ठेकेदार रयतेला पिळून काढी. अंबरांनी ही पद्धत मोडली. जमिनीची प्रत पाहावी, प्रत्यक्ष पीक पाहावे आणि मगच सारा ठरवावा, अशी व्यवस्था त्यांनी लावली. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क कायम ठेवून कारभाराची जबाबदारी गावावरच सोपविली. जिराईत आणि बागाईत यांतला फरक आपल्या नीरेकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. दोन्हींवर सारखा भार घालणे हा जुलूम आहे हे अंबरांना कळत होते. त्यांच्या पश्चात पुणे व सुपे परगण्यांची घडी पुन्हा बसविताना याच व्यवस्थेचा आधार घेतला गेला.

मे 1626 मध्ये त्यांचे निधन झाले. खुलताबादला, अनेक सूफी संतांच्या सान्निध्यात, त्यांची कबर आहे. बादशाह जहांगीर आयुष्यभर त्यांचा द्वेष करीत राहिला. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच इतिहासकाराने त्यांच्या युद्धकौशल्याची आणि सुव्यवस्थेची थोरवी मान्य केली. शत्रूने मान्य केलेला गुण हा खोटा नसतो.

चरित्र येथे संपते. परीक्षा येथून सुरू होते.

अंबरांच्या जागी त्यांचा मुलगा फतहखान कारभारी झाला. वडिलांचे पद त्याला मिळाले, वडिलांचा धीर आणि माणसे जोडण्याची हातोटी मिळाली नाही. त्याचे आणि सुलतान मुर्तजाचे पटेना. सुलतानाने त्याला कैदेत टाकले. 1629 मध्ये लखुजी जाधवराव यांना त्यांच्या पुत्रांसह दौलताबादच्या दरबारात ठार मारण्यात आले आणि मराठा सरदारांचा विश्वास तुटला. पुढे फतहखान सुटला, त्याने सुलतानाचाच जीव घेतला, एका बालकाला गादीवर बसविले आणि 1633 मध्ये दौलताबादचा अभेद्य किल्ला मोगलांच्या हाती देऊन त्यांचा वेतनदार झाला. पित्याने पंचवीस वर्षे जे राखले, ते पुत्राच्या हातून सात वर्षांत गेले.

आता दुसरी बाजू पाहा. दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने कारभार चालविला. 1600 मध्ये परांड्याला अंबरांनी जे केले, तेच 1633 मध्ये पेमगिरीला शहाजीराजांनी केले. मोगल आणि आदिलशाही एकत्र आल्यावरही त्यांनी 1636 पर्यंत, माहुलीच्या वेढ्यापर्यंत, झुंज दिली. तीच हिंमत, तीच युक्ती, तीच चपळ घोडदळाची लढाई. वाचकहो, अंबरांचा खरा वारस कोण होता, हे आता आपणच ठरवा.

आणि तरीही एक दुःखद गोष्ट येथे सांगितली पाहिजे. भातवडीच्या विजयानंतर फार काळ न लोटता शहाजीराजे अंबरांना सोडून आदिलशाहीत गेले होते. मानापमानावरून आणि विजयाच्या श्रेयावरून बेबनाव झाला, असे अनेक इतिहासकार मानतात. अंबरांनी माणसे घडविली, पण घडलेल्या माणसासाठी आपल्या शेजारी जागा केली नाही. घडविणे हे अर्धे काम आहे. घडलेल्याला जागा देणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक अवघड.

पवित्र कुरआनात हजरत इब्राहीम (अलै.) यांचा प्रसंग आहे. कसोट्यांना उतरल्यावर अल्लाहने त्यांना लोकांचे इमाम बनविले. त्यांनी आपल्या संततीविषयी विचारले, तेव्हा अल्लाहचे वचन अत्याचार करणाऱ्यांना लागू होत नाही, हे स्पष्ट झाले. म्हणजे पैगंबराच्या घरातही नेतृत्व केवळ वंशाने उतरत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी अखेरच्या घडीला खलीफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. आपले पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना सल्ल्यापुरते तेथे ठेवले, परंतु खिलाफतीपासून दूर ठेवले. ते विद्वान होते, सदाचारी होते, तरीसुद्धा.

तरुणांना जागा कशी द्यावी, हे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी दाखवून दिले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी एका मोहिमेचे सेनापतिपद उसामा बिन जैद (रजि.) यांना दिले. उसामांचे वय तेव्हा वीसच्या आतबाहेर होते आणि त्यांचे वडील एके काळी गुलाम होते. ज्येष्ठ सोबती त्यांच्या हाताखाली होते. वयावरून काहींनी आक्षेप घेतला, तो प्रेषितांनी मानला नाही. त्यांच्या पश्चात हजरत अबू बक्र (रजि.) यांनी तीच नेमणूक कायम ठेवली. सैन्य निघाले तेव्हा उसामा घोड्यावर होते आणि खलीफा त्यांच्या बाजूने पायी चालत होते. हजरत उमर (रजि.) यांना मदीनेत ठेवून घेण्यासाठी खलीफांनी या तरुण सेनापतीची परवानगी मागितली. राज्याचा प्रमुख एका तरुणाची परवानगी मागतो, तेव्हा तो आपले पद कमी करीत नाही. पुढच्या पिढीचे पद उभे करतो.

आता आपल्या गावाकडे या. आपल्या मस्जिदीच्या कारभारात, मक्तबच्या व्यवस्थेत, गावच्या शाळेच्या समितीत किंवा सोसायटीत पाहा. चाव्या कोणाजवळ आहेत? हिशेबाची वही लिहायला कोणत्या तरुणाला शिकविले आहे? ईदगाहच्या तयारीत मुलांच्या वाट्याला सतरंज्या उचलणेच येते, की निर्णयाच्या बैठकीतही त्यांना बसवून घेतले जाते? आपण गेल्यावर पद मुलाकडे जावे ही इच्छा स्वाभाविक आहे. मुलगा पात्र असेल तर त्याला मनाई नाही. पण कदाचित पात्रता शेजारच्या घरातील मुलात असेल, मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलीत असेल. मीर कासिमने बाजारातून आलेल्या एका परक्या मुलाला अक्षर दिले, चंगीजखानांनी त्याला जबाबदारी दिली, आणि दख्खनला मलिक अंबर मिळाले. आपल्या मोहल्ल्यातील असे मूल आपण ओळखतो का?

अंबरांनी जे एका हातात ठेवले ते गेले. जे अनेकांत वाटले ते राहिले: साऱ्याची न्याय्य पद्धत रयतेत राहिली, युद्धाची विद्या शिष्यांत राहिली, नहरीचे पाणी नगराच्या घराघरांत पोहोचत राहिले. पद ही अमानत आहे. अमानत सांभाळायची असते आणि वेळेवर, योग्य हाती, आपल्या हयातीतच सोपवायची असते.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्यापेक्षा अधिक गुणी पिढी घडविण्याची आणि तिच्यासाठी आनंदाने जागा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.