ताडपत्रापासून छापखान्यापर्यंत : श्रुतसेवक डॉ. हिरालाल जैन

ज्येष्ठ शुद्ध पंचमी हा दिवस आपण श्रुतपंचमी म्हणून साजरा करतो. मंदिरातील शास्त्रभांडाराचे कपाट उघडले जाते, पोथ्यांना ऊन दाखविले जाते, जुनी वेष्टने काढून नवी बांधली जातात आणि जिनवाणीची पूजा होते. लहानपणापासून आपण सर्वांनी हे पाहिले आहे. परंतु हा दिवस नेमक्या कोणत्या घटनेचे स्मरण आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

परंपरा सांगते की, गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना आपले आयुष्य थोडे उरल्याचे जाणवले. तोपर्यंत भगवंतांची वाणी गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जात असे आणि स्मरणातच राहत असे. माणसाची स्मरणशक्ती क्षीण होत चालली होती, आणि आपल्यामागे हे ज्ञान लोप पावेल, ही चिंता आचार्यांना लागली. त्यांनी दक्षिणापथातून दोन मुनी बोलावून घेतले. पुष्पदंत आणि भूतबली ही त्यांची पुढे प्रसिद्ध झालेली नावे. त्यांनी गुरूकडून मिळालेले ज्ञान षट्खंडागमाच्या रूपाने लिपिबद्ध केले. तो ग्रंथ पूर्ण होऊन चतुर्विध संघाने त्याची पूजा केली, तो दिवस श्रुतपंचमीचा.

म्हणजे ज्ञान जपण्याचे एक नवे साधन आपल्या आचार्यांनी स्वीकारले, त्याचाच हा उत्सव आहे. त्या काळी लेखन हेच नवे साधन होते. ही गोष्ट मनात ठेवून, याच षट्खंडागमाला विसाव्या शतकात छापील रूप देणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांचे चरित्र पाहावे, या हेतूने सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा लेख लिहीत आहे.

मूडबिद्रीचे कुलूप

षट्खंडागमावर आचार्य वीरसेनांनी धवला नावाची विस्तृत टीका लिहिली. ती शके ७३८, म्हणजे इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली असे मानले जाते. तिचे प्रमाण सुमारे ७२ हजार श्लोकांएवढे आहे. पुढे या सिद्धांतग्रंथांच्या प्रती सर्वत्र नष्ट झाल्या आणि कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रेच काय ती उरली. यात्रेकरू दुरून दर्शन घेत, दान ठेवत आणि परत येत. वाचणारा कोणी उरला नव्हता.

इ. स. १८८३ च्या सुमारास मुंबईचे जव्हेरी, दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद तेथे यात्रेला गेले. ताडपत्रांची जीर्णावस्था पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी ही गोष्ट सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळविली. हे हिराचंद म्हणजे मराठीत ‘जैन बोधक’ सुरू करणारे, आणि उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. त्यांनीही मूडबिद्री गाठली. मूडबिद्रीच्या पंचांचे मन वळविण्यात अनेक वर्षे गेली. अखेर इ. स. १८९६ मध्ये प्रतिलिपी करण्यास प्रारंभ झाला आणि ते काम इ. स. १९२२ पर्यंत, म्हणजे तब्बल २६ वर्षे चालले. पंचांची अट मात्र ठाम होती : नक्कल मूडबिद्रीतच राहील, बाहेर जाणार नाही.

पण जे दाराने जाऊ दिले नाही, ते खिडकीने गेले. नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्ये यांनी आपल्या पत्नीच्या साहाय्याने घरी गुप्तपणे आणखी एक कन्नड प्रत तयार केली. ती त्यांनी प्रथम सोलापूर-मुंबईच्या शेठजींपुढे ठेवली. ज्यांनी या कामासाठी आयुष्याची वर्षे खर्च केली होती, त्यांनीच ती घेण्याचे नाकारले, कारण पंचांना दिलेल्या शब्दाला ते धरून नव्हते. शेवटी सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ती प्रत घेऊन आपल्या मंदिरात विराजमान केली. तेथे तिची देवनागरी नक्कल झाली, आणि ती करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी पुन्हा स्वतःजवळ एक प्रत ठेवली. त्या प्रतीवरून झालेल्या नकला अमरावती, कारंजा, आरा अशा ठिकाणी पोहोचल्या. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, अशा या प्रवासात शब्द गळाले आणि ओळी सुटल्या. पूर्ण बंदी घातल्याने बदल थांबला नाही. तो चोरपावलांनी आणि अशुद्ध होऊन आला, एवढेच.

विरोध करणारे कोण होते?

आज आपल्याला हा विरोध अडाणीपणाचा वाटेल, पण तसे समजणे अन्यायाचे होईल. त्या काळी केवळ मूडबिद्रीतच नव्हे, तर उत्तरेतही शास्त्र छापण्यास कडवा विरोध होता. देवबंदचे वकील बाबू सूरजभान यांच्यासारख्या मुद्रणाच्या पुरस्कर्त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. कित्येक मंदिरांत छापील ग्रंथाला प्रवेश नव्हता.

विरोधकांच्या मनात काय होते? छापखान्यातील शाई, सरस आणि रूळ कशाचे बनलेले असतील, त्यात प्राणिज पदार्थ असतील काय, ही अहिंसाधर्मीयाची पहिली शंका. छापलेला कागद उद्या रद्दीत जाईल, वाण्याच्या पुडीला लागेल, पायाखाली येईल आणि जिनवाणीची आशातना होईल, ही दुसरी. गुरूवाचून कोणीही ग्रंथ उघडेल आणि भलता अर्थ काढेल, ही तिसरी. सिद्धांतग्रंथ वाचण्याचा गृहस्थाला अधिकारच नाही, असेही काही विद्वान मानत होते. यांपैकी एकही शंका पोरकट नाही. नव्या साधनाला नकार देणारा माणूस बहुधा त्या साधनाला भीत नसतो. जे त्याला प्राणांपलीकडे प्रिय आहे, ते या साधनापायी हरवेल, याला तो भीत असतो.

याशिवाय एक कारण असे असते की, जे कोणी उघडपणे बोलत नाही. ज्याच्या हाती किल्ली आहे, त्याला दार सर्वांसाठी उघडले गेल्यावर आपले महत्त्व राहील काय, असा प्रश्न पडतो. हा दोष कोणा एका गावच्या पंचांचा नाही. तो दुकानात, कचेरीत आणि संस्थेत, आपल्या सर्वांतच असतो.

गांगईचा विद्यार्थी, अमरावतीचा प्राध्यापक

हिरालालजींचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मध्य प्रदेशातील नरसिंहपूर जिल्ह्याच्या गांगई या लहान गावी झाला. अलाहाबाद येथे त्यांनी संस्कृतमध्ये एम. ए. आणि त्याबरोबर एलएल. बी. या पदव्या मिळविल्या. वकिली करून धन मिळविण्याचा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही आणि इ. स. १९२५ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले.

आपल्या परभणीहून हिंगोली-वाशीमच्या पुढे गेले की कारंजा लाड लागते. तेथील जैन मंदिरांतील शास्त्रभांडारे सुप्रसिद्ध आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची जी सूची रायबहादूर हिरालाल यांनी इ. स. १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्या निमित्ताने कारंजाच्या ग्रंथांशी प्राध्यापक हिरालालजींचा निकटचा संबंध आला. दोघांचे नाव एकच असल्याने वाचकांचा घोटाळा होऊ नये, म्हणून हे स्पष्ट केले. या भांडारांत अपभ्रंश भाषेतील, विद्वानांना अपरिचित असे ग्रंथ वेष्टनांत बांधलेले होते. सावयधम्मदोहा, पाहुडदोहा, णायकुमारचरिउ आणि करकंडचरिउ हे ग्रंथ त्यांनी इ. स. १९३२ ते १९३४ या काळात संपादून कारंजाच्या ग्रंथमालेतून प्रकाशित केले. आपल्या मराठी भाषेची पूर्वपीठिका समजून घेणाऱ्या अभ्यासकांना अपभ्रंशाचे महत्त्व सांगायला नको.

याच सुमारास विदिशाचे श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांनी दिलेल्या देणगीतून जैन साहित्योद्धारक फंड स्थापन झाला, आणि धवलेच्या प्रकाशनाचे काम हिरालालजींकडे आले.

शंकेला उत्तर, रोषाला नव्हे

हाती होत्या त्या अमरावती, आरा आणि कारंजा येथील, नकलांवरून झालेल्या नकला. मूळ ताडपत्र पाहण्याची सोय नव्हती. मदतीला पंडित फूलचंद्र, पंडित हिरालाल शास्त्री, पंडित बालचंद्र यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते, आणि बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे सुपुत्र, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे मार्गदर्शन होते. इ. स. १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीच्या सरस्वती छापखान्यातून बाहेर पडला. मूळ प्राकृत सूत्रे, धवला टीका आणि सोबत हिंदी अनुवाद असे त्याचे स्वरूप होते.

त्यांनी विरोधकांना कसे वागविले, हे आपण शिकण्यासारखे आहे. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी हे ग्रंथ प्रकाशात कसे आले याचा इतिहास दिला, त्यात मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनी शतकानुशतके ही ताडपत्रे जपली याची कृतज्ञ नोंद केली. गृहस्थाला सिद्धांत वाचण्याचा अधिकार आहे की नाही, या प्रश्नाची त्यांनी टिंगल केली नाही. शास्त्रातील आधार तपासून, मुद्द्यास मुद्दा लावून त्याचे उत्तर दिले. आणि आणखी एक गोष्ट केली, जी मला व्यापारी या नात्याने फार आवडते. ग्रंथ दोन आकारांत काढला : एक नेहमीच्या पुस्तकाच्या आकारात आणि दुसरा शास्त्राकार, म्हणजे पोथीसारख्या आडव्या सुट्या पानांचा. ज्याला चौरंगावर ठेवून, वेष्टनात बांधून स्वाध्याय करायचा आहे, त्याची सवय मोडण्याची गरज राहिली नाही. माल नवा, पण घडी जुनीच.

परिणाम काय झाला? ज्यांनी ४० वर्षे प्रत बाहेर जाऊ दिली नाही, त्या मूडबिद्रीनेच पहिले खंड पाहिल्यानंतर मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुमती दिली. तिसरा खंड इ. स. १९४१ मध्ये आला, तेव्हा हे सहकार्य मिळू लागले होते. सुटलेले पाठ सापडले, अशुद्धे दुरुस्त झाली. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात एक शब्द असला पाहिजे, असे संपादकांनी तर्काने टिपेत सुचविले होते. त्यावर विद्वानांत मोठा वाद झाला. पुढे तो शब्द ताडपत्रात आढळला. म्हणजे छापील ग्रंथाने ताडपत्राचे मोल कमी केले नाही. उलट ताडपत्र पुन्हा उघडून वाचले जाऊ लागले.

महायुद्धाच्या काळातील कागदाची टंचाई, बदल्या आणि प्रापंचिक अडचणी यांतून काम चालू राहिले. सोळावा आणि शेवटचा खंड इ. स. १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास २० वर्षे एका माणसाने एकाच ग्रंथाचा पाठपुरावा केला. लखनौचे गणिताचे प्राध्यापक डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लिहिलेला लेख चौथ्या खंडात आला, आणि जैनाचार्यांचे गणितज्ञान जगातील अभ्यासकांपुढे गेले. कुलूपबंद पेटीत राहून हे घडले नसते.

नव्याचा स्वीकार केवळ पंडितांनीच केला असे नाही. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना ताडपत्रांचा काही भाग किडीने नष्ट झाल्याचे कळले, तेव्हा त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्यात आले.

हिरालालजींना इ. स. १९४४ मध्ये नागपूर विद्यापीठाची डी. लिट. मिळाली. पुढे ते नागपूरला अध्यापक, वैशालीच्या प्राकृत संशोधन संस्थेचे संचालक आणि जबलपूर विद्यापीठात विभागप्रमुख झाले. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे डॉ. उपाध्ये यांच्यासह ते प्रधान संपादक होते. इ. स. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यापुढील प्रश्न

हे चरित्र लिहिण्यास एक निमित्त घडले, ते प्रांजळपणे सांगतो. आपल्या भांडारातील हस्तलिखित पोथ्यांची छायाचित्रे काढून संगणकावर जतन करावीत, असा विषय तरुण सदस्यांनी सभेत मांडला, तेव्हा नको म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. पोथीचे चित्र मोबाइलमध्ये कोठेही उघडले जाईल, कोणी ते जोड्यांसह, जेवताना पाहील, ही माझी भीती होती. विषय पुढे ढकलला गेला. त्या पावसाळ्यानंतर कपाट उघडले, तेव्हा एका पोथीची काही पाने एकमेकांस चिकटलेली आणि काहींना कसर लागलेली आढळली. त्या पानांवर काय होते, हे आता कोणास सांगता येणार नाही. ज्या आशातनेच्या भीतीने मी नकार दिला, त्याहून मोठी आशातना कपाटात घडली होती.

तेव्हापासून मी हिरालालजींचे खंड पुन्हा काढून वाचू लागलो. त्यांच्या उदाहरणावरून जे समजले, ते असे. शंका घेणाऱ्याला मागासलेला म्हणू नये, त्याची शंका लिहून घ्यावी आणि तिला उत्तर द्यावे. नव्याला जुन्याची घडी द्यावी : छायाचित्रण मंदिरातच, शुद्ध वस्त्रे नेसून, ज्येष्ठांच्या देखत व्हावे. प्रती कोणाकडे असतील आणि कोणास पाहता येतील, याचे नियम ट्रस्टने आधीच ठरवावेत, म्हणजे गजपती उपाध्यांसारखे चोरून काही करण्याची वेळ कोणावर येणार नाही. आणि मूळ पोथीची निगा पूर्वीपेक्षा अधिक घ्यावी, कारण चित्र हे पोथीचा पर्याय नसून तिचे संरक्षण आहे.

नव्यास नकार देण्यात माझा हात वर होता, म्हणून होकाराचा प्रस्तावही मीच मांडणार आहे. येत्या श्रुतपंचमीला भांडार उघडेल, तेव्हा वेष्टने बदलण्याच्या कामाबरोबर हे कामही सुरू व्हावे, ही समाजबांधवांस नम्र विनंती. आचार्य धरसेनांनी काळाची पावले ओळखली, म्हणून जिनवाणी आपल्यापर्यंत आली. आपल्यापुढे ती जावी, हे आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र.