गॅरी किल्डॉल: चिपसाठी कंपायलर लिहिणारा माणूस

समजा, वरसेत घरी बसून तुम्ही लॅपटॉपवर अर्दुइनोचा प्रोग्रॅम लिहिला. अपलोड केला की बोर्डवरचा एलईडी लुकलुकतो. पण अर्दुइनो उनोच्या चिपमध्ये रॅम फक्त 2 केबी. कंपायलर तिच्यात मावणारच नाही! म्हणून तो लॅपटॉपवर चालतो आणि चिपला कळेल असा कोड बनवून देतो. हाच क्रॉस-कंपायलर. मायक्रोप्रोसेसरसाठी ही वाट पाडणाऱ्यांपैकी एक म्हणजे गॅरी किल्डॉल.

त्यांचा जन्म 1942 चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. पुढे ते मॉन्टेरीत नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत. इंटेलच्या पहिल्या चिप्सचे प्रोग्रॅम तेव्हा असेंब्लीत, एकेक सूचना करत लिहावे लागत. किल्डॉल यांनी 1973 च्या सुमारास इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा तयार केली. तिचा कंपायलर फोरट्रानमध्ये होता. तो चालायचा मोठ्या कॉम्प्युटरवर, कोड मात्र काढायचा छोट्या 8008 चिपसाठी.

पण दर वेळी मोठ्या मशीनकडे कशाला जायचं? त्यांना सगळं काम छोट्या मशीनवरच करायचं होतं. मित्र जॉन टोरोडे यांनी फ्लॉपी ड्राइव्हचा कंट्रोलर बनवला आणि किल्डॉल यांनी 1974 मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. स्वतःच्या सेटअपसाठी केलेली ही सोय पुढे अनेक कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालली.

1981 मध्ये आयबीएम पीसी आला, तो मायक्रोसॉफ्टची डॉस घेऊन. किल्डॉल 1994 मध्ये, 52 व्या वर्षी गेले. लोकांना त्यांचा हुकलेला सौदाच आठवतो. आपण मात्र कंपायलर इन्स्टॉल करताना त्यांचं काम आठवूया.