मणिभाई देसाई : उरुळीच्या आश्रमातून गोठ्यापर्यंत

मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे काही दिवस राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गांधीजी पुढे निघून गेले, मात्र त्यांच्यासोबत आलेले मणिभाई देसाई मागे राहिले. सारे आयुष्य याच गावाला देण्याचा शब्द त्यांनी दिला होता आणि तो अखेरपर्यंत पाळला.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातला. विज्ञान शाखेत शिकलेल्या या तरुणाने १९४२ च्या आंदोलनात उडी घेतली, तुरुंगवास भोगला आणि सुटकेनंतर गांधीजींच्या सेवाग्रामची वाट धरली. उरुळीत मात्र प्रार्थना व उपचार यांपेक्षा दारिद्र्याचाच प्रश्न मोठा होता. पाणी कमी, जमीन हलकी आणि दारची गावठी गाय दिवसाला जेमतेम लिटर-दोन लिटर दूध देणारी. आश्रमाच्या गोशाळेत गीर गाई सांभाळताना वंश सुधारल्याखेरीज गाय शेतकऱ्याला पोसणार नाही, हे त्यांना उमगले.

२४ ऑगस्ट १९६७ रोजी त्यांनी भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच 'बाएफ', ही संस्था नोंदविली. कृत्रिम रेतन देशाला नवे नव्हते. म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत १९३९ मध्येच डॉ. संपत कुमारन यांनी ते करून दाखविले होते. अडचण टिकवणुकीची होती. बर्फात ठेवलेले वीर्य दोन-चार दिवसांत निकामी होई, त्यामुळे वळूपासून दूरच्या गावांना त्याचा उपयोग नसे. ग्लिसरिन मिसळल्यास शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात, हे इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये उघड झाले आणि हा अडसर दूर झाला. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली रेतकांडी वळू मेल्यानंतरही अनेक वर्षे वापरता येते.

उरुळीत हे तंत्र सत्तरच्या दशकात रुजले. त्याचे खरे कौतुक प्रयोगशाळेबाहेरचे आहे. गाय माजावर राहते ती साधारण एक दिवस. तेवढ्यात निरोप पोहोचला पाहिजे, तंत्रज्ञ गोठ्यात आला पाहिजे. कांडी सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी लागते. पाणी थंड असले, हात रेंगाळला किंवा पात्रातला नायट्रोजन आटला, तर गाय गाभण राहत नाही आणि पुढच्या माजासाठी एकवीस दिवस थांबावे लागते. गरिबाच्या घरी हा तोटा दुधाचा आणि चाऱ्याचाही. गाय दवाखान्यात आणण्याऐवजी सेवाच दारात नेण्याचा मणिभाईंचा आग्रह त्यामुळेच होता.

खादीधारी गांधीभक्ताने जर्सी आणि होल्स्टिनच्या वळूंचा आधार घ्यावा, हे अनेक गोसेवकांना रुचणारे नव्हते. संकरित गाईला चारा, पाणी आणि औषधोपचार जास्त लागतो, ही हरकत तर आजही खरी आहे. मणिभाईंचा कल मात्र पोट भरण्याकडे होता. त्यांनी चाऱ्यासाठी सुबाभळीचाही हिरिरीने प्रसार केला.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना लाभला. त्याच सुमारास दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी फळझाडांच्या वाड्या उभ्या करण्याचे काम संस्थेने हाती घेतले. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाईंचे निधन झाले.