चैम वाइझमन

चैम वाइझमन (२७ नोव्हेंबर, इ.स. १८७४ – ९ नोव्हेंबर, इ.स. १९५२) हे रसायनशास्त्रज्ञ, झायोनिस्ट चळवळीचे नेते व इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. ॲसिटोन या द्रावकाच्या औद्योगिक उत्पादनाची किण्वन पद्धत त्यांनी विकसित केली.

जीवन

वाइझमन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील पिन्स्क शहराजवळील मोताल या गावी (सध्या बेलारूसमध्ये) ज्यू कुटुंबात झाला. रशियन विद्यापीठांत ज्यूंच्या प्रवेशावर निर्बंध असल्याने ते जर्मनीत व नंतर स्वित्झर्लंडमध्ये शिकले. इ.स. १८९९ मध्ये त्यांना फ्रीबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. इ.स. १९०४ मध्ये ते मँचेस्टर येथे स्थायिक झाले आणि इ.स. १९१० मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले.

ॲसिटोनचे संशोधन

ॲसिटोन हा रंगहीन, ज्वालाग्राही व पाण्यात पूर्णपणे मिसळणारा द्रव सुमारे ५६° सेल्सिअसला उकळतो. नायट्रोसेल्युलोज त्यात विरघळत असल्याने कॉर्डाइट या धूरहीन स्फोटकाच्या निर्मितीसाठी तो आवश्यक होता. तोपर्यंत ॲसिटोन मुख्यतः लाकडाच्या भंजक ऊर्ध्वपातनाने मिळत असे आणि ब्रिटन त्यासाठी आयातीवर अवलंबून होते. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा अपुरा पडू लागला.

कृत्रिम रबरासाठी ब्यूटेनॉलचा शोध घेत असताना वाइझमन यांना स्टार्चचे किण्वन करणारा जीवाणू सापडला होता. तो पुढे क्लोस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या नावाने ओळखला गेला. हवेविना होणाऱ्या या किण्वनातून ॲसिटोन, ब्यूटेनॉल व इथेनॉल साधारण ३ : ६ : १ या प्रमाणात मिळतात. रबरासाठी दुय्यम ठरलेले ॲसिटोनच युद्धकाळात मोलाचे ठरले. मद्यनिर्मितीच्या कारखान्यात चाचणी झाल्यावर ब्रिटन, कॅनडा व अमेरिकेत मक्यापासून उत्पादन सुरू झाले. ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई भासल्यावर इ.स. १९१७ मध्ये शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करविण्यात आली. मात्र ती कच्चा माल म्हणून निकृष्ट ठरली. भारतात नाशिक येथेही ॲसिटोनचा कारखाना उभारण्यात आला.

राजकीय कार्य

पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा देणारे बाल्फोर घोषणापत्र इ.स. १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे घोषणापत्र ॲसिटोनच्या शोधाचे बक्षीस होते, असे डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी आपल्या आठवणींत सूचित केले. स्वतः वाइझमन यांनी ते मान्य केले नाही. इतिहासकारही युद्धकालीन राजनैतिक कारणांना अधिक महत्त्व देतात. तथापि, या संशोधनामुळे ब्रिटिश मंत्र्यांशी त्यांचा संपर्क वाढला.

त्यांचे पुत्र मायकेल हे ब्रिटिश हवाई दलातील वैमानिक इ.स. १९४२ मध्ये मृत्युमुखी पडले. इ.स. १९४९ मध्ये वाइझमन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्यांनी रेहोवोत येथे स्थापन केलेली संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

वारसा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलापासून मिळणाऱ्या स्वस्त ॲसिटोनमुळे किण्वन पद्धत मागे पडली. सध्या बहुतांश ॲसिटोन क्यूमीन प्रक्रियेत फिनॉलसोबत मिळते. मात्र जैवइंधन म्हणून ब्यूटेनॉलचा विचार सुरू झाल्यापासून वाइझमन यांच्या जीवाणूवर पुन्हा संशोधन होत आहे.