विश्लेषण : पोस्टकार्डे, कहाण्या आणि मुंबईचे रस्ते... रावबहादूर धुरंधरांची ‘किरकोळ’ चित्रे आज का महत्त्वाची?

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे आत्मचरित्र १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पुस्तकाचे नाव होते ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. हे कलामंदिर म्हणजे मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून तेथे आलेले धुरंधर १९३१ मध्ये निवृत्त होऊनच बाहेर पडले.

सुरुवात कशी झाली?

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. ते जे. जे.मध्ये आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करून घेणारे हेच ग्रिफिथ्स. शिक्षण युरोपीय पद्धतीचे होते, मात्र धुरंधरांनी विषय निवडले आपल्या घरातले. कामात गुंतलेल्या, नऊवारी नेसलेल्या स्त्रिया त्यांच्या चित्रांत दिसू लागल्या. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

यश आणि आघात

१८९६ मध्ये धुरंधर जे. जे.मध्येच शिक्षक झाले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. या साथीत त्यांची पहिली पत्नी बापूबाई गेली. संसार नुकताच उभा राहत होता, नोकरीही नवी होती. तरीही त्यांचे काम थांबले नाही. पुढे त्यांनी गंगूबाईंशी विवाह केला.

चित्र घराघरात कसे पोहोचले?

तैलचित्राची प्रत एकच असते, ती एखाद्या संस्थानिकाच्या किंवा श्रीमंताच्या भिंतीवर जाते. शिळाछापात मात्र चित्र दगडावर उतरवतात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरतात. त्यावरून हजारो प्रती निघतात. या तंत्रामुळे धुरंधरांची चित्रे पोस्टकार्डांवर आली. मुंबईच्या रस्त्यावरची साधी माणसे आणि ठसक्यात चालणारी मोलकरीण त्यांत होती, चित्रांना मिश्कील छटाही होती.

पुस्तकांची कामेही आली. पोलिस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२), सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आणि ऑटो रोथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ही त्यांतली ठळक नावे. किंकेड यांच्या पुस्तकात आपल्याकडे व्रताच्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या कहाण्याच इंग्रजीत आहेत.

मग आक्षेप कोणता?

ही तिन्ही पुस्तके इंग्रज अधिकाऱ्यांची होती. त्यांत भारतीय माणूस अनेकदा जातीचा किंवा समाजाचा ‘नमुना’ म्हणून येतो. ‘विमेन ऑफ इंडिया’ तर त्याच चौकटीत उभे आहे. ती चौकट धुरंधरांची नव्हती, पण मोबदला घेऊन त्यांनी तिच्यासाठी चित्रे काढली, हेही खरे. मात्र साडीचा काष्टा, नथ, डोक्यावरची घागर आणि उभे राहण्याची ढब त्यांनी अशा बारकाईने टिपली, की चित्रातली बाई नमुना न राहता ओळखीची वाटते.

आज काय उरले?

धुरंधरांना रावबहादूर ही पदवी मिळाली. १९३० मध्ये त्यांनी जे. जे.च्या संचालकपदाचा कार्यभारही सांभाळला, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रकार असलेल्या त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनी वडिलांचा ठेवा जपला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

पदव्या आणि पदे इतिहासात जमा झाली. शंभर वर्षांपूर्वीची मुंबईतली बाई कशी दिसायची, कशी चालायची, याचा रंगीत पुरावा मात्र त्या काळच्या स्वस्त पोस्टकार्डांत सापडतो. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ आता ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर मोफत आहे आणि मोबाइलवरही वाचता येते.