हरिपंडितांचा रुसवा आणि नाथांची शांती

श्रीएकनाथमहाराजांचे नाव निघाले की शांती हा शब्द आपोआप तोंडी येतो. अंगावर थुंकणारा यवन आणि नाथांची एकशे आठ गोदास्नाने, ही कथा कीर्तनात ऐकली नाही असा वारकरी सापडायचा नाही. ती कथा मोठीच आहे. परंतु आम्हाला नेहमी वाटत आले आहे की परक्याने केलेला अपमान त्या मानाने सोसवतो. तो थुंकतो आणि आपल्या वाटेने जातो. पोटचा मुलगा, तोही शिकला-सवरलेला, जेव्हा बापाला तोंडावर सांगतो की तुमचे वागणे शास्त्राला सोडून आहे, तेव्हा काय करायचे? नाथांच्या घरी हेच घडले. महिपतीबोवांनी हा प्रसंग आपल्या संतचरित्रांत गायिला आहे, आणि पैठणात तो अजून सांगतात.

आधी थोडे नाथांविषयी. घराणे पैठणचे, विठ्ठलभक्त भानुदासांचे. नाथ त्यांचे पणतू. आईबाप लवकर गेले, आजोबा चक्रपाणी यांनी वाढविले. पोर वयातच नाथ घरातून निघाले ते देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पायाशी. एका पैच्या चुकीसाठी रात्र जागविली ती तिथेच. पुढे तीर्थयात्रा झाली, विजापूरकडच्या गिरिजाबाईंशी लग्न झाले, आणि पैठणच्या वाड्यात रोजचे पुराण-कीर्तन सुरू झाले. हे सारे आपणा सर्वांना पाठ आहे.

त्या काळच्या पैठणात हे कसे दिसले असेल ते मात्र ध्यानात घ्यावे लागते. पैठण म्हणजे दक्षिणेतली काशी, धर्मनिर्णय द्यायचे गाव. तिथे हा माणूस भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत ओव्या लिहितो आणि त्या सगळ्या जातींच्या बायाबापड्यांना ऐकवतो! ग्रंथाचे पहिले पाच अध्याय पैठणात झाले, आणि काशीच्या पंडितांना ते कळताच त्यांनी नाथांना जाब द्यायला बोलावून घेतले, असे चरित्रकार सांगतात. नाथ गेले. भांडले नाहीत, लपलेही नाहीत. आधी ऐका, मग ठरवा, एवढेच त्यांचे म्हणणे. उरलेला ग्रंथ त्यांनी काशीतच बसून पुरा केला, शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये. अठरा हजारांवर ओव्या! ज्यांनी जाब विचारला त्यांनीच शेवटी ग्रंथाची मिरवणूक काढली म्हणतात.

नाथांची समजावण्याची रीत भारुडांत फार सुरेख दिसते. विद्वानाला ग्रंथ दिला. ज्याला ग्रंथ कळत नाही त्याच्यासाठी नाथ स्वतःच वासुदेव झाले, जोशी झाले, गोंधळी झाले. जोहार लिहिताना तर ते महाराच्या मुखाने बोलले, आणि गावकीच्या कारभाऱ्यांना त्याच्याकडून परमार्थ ऐकविला. हिंदू आणि तुर्क यांचा एक संवादही त्यांनी लिहिला आहे. दोघे एकमेकांची उणी काढतात, एकही टोमणा राखून ठेवत नाहीत, आणि शेवटी एकमेकांना कडकडून भेटतात. त्यात नाथांनी तुर्काच्या तोंडी लेचेपेचे बोल घातलेले नाहीत. त्याचे म्हणणे त्याच्याच जोराने मांडले आहे. दुसऱ्याचे इतके ऐकून घेतलेला माणूसच असे लिहू शकतो.

आता मुख्य कथेकडे वळू. हरिपंडित हे नाथांचे चिरंजीव. शास्त्रांत निष्णात, आचाराने कडक. वडिलांच्या दोन गोष्टी त्यांना सलू लागल्या. एक, पुराण प्राकृतात सांगणे. दुसरी, परान्न घेणे. कारण नाथ प्रेमाने बोलावील त्याच्या घरी जेवायचे. गावचे लोक हरिपंडितांना काय काय ऐकवीत असतील याची आपण कल्पना करावी. घरात रोजची धुसफूस. शेवटी ते बायको-मुलांसह घर सोडून काशीला निघून गेले.

नाथांनी मागे माणसे धाडली नाहीत. काही काळ जाऊ दिला आणि मग स्वतः काशीला गेले. बाप मुलाची समजूत काढायला गेला, हे आजही आपल्याकडे सहसा होत नाही हो. मुलाने यावे, पाया पडावे, अशीच आपली वाट. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या. पुराण संस्कृतात व्हावे, आणि परान्न बंद. नाथांनी दोन्ही मान्य केल्या आणि मुलाला घेऊन पैठणला आले.

आता वाड्यात पुराणाला हरिपंडित बसू लागले. व्युत्पत्ती उत्तम, पाठ शुद्ध. पण श्रोते हळूहळू गळू लागले. कोष्टी, माळी, कुणबी, गोदेवरून घागर घेऊन येता येता टेकणाऱ्या बाया, यांना त्यातले काय कळणार? वाडा ओस पडला. आणि नाथ? ते रोज समोर बसून मुलाचे पुराण ऐकत. चेहऱ्यावर नाराजी नाही, लोक का येत नाहीत म्हणून टोमणा नाही.

इथे आमच्या मनात एक शंका नेहमी येते. मुलासाठी नाथ गप्प राहिले, ठीक. पण त्या बायाबापड्यांचे काय? त्यांचे तर भागवतच बंद झाले. ही शांती त्यांना महाग पडली असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. मात्र एक लक्षात ठेवावे. नाथांनी तोंड मिटले, मत बदलले नाही. लिहिलेल्या ग्रंथातली एक ओवीही मागे घेतली नाही. आणि जिथे भूक समोर उभी होती तिथे नाथांनी कधी वाट पाहिली नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या वासाने दारावरून जाणारी अंत्यजांची पोरेबाळे थबकली, तेव्हा नाथांनी ब्राह्मणांची परवानगी विचारली नाही. पाने वाढली, आणि पुढचा बहिष्कार मुकाट्याने सोसला. उपाशी माणसाला थांबवायचे नाही आणि अभिमानी माणसाला घाई करायची नाही, असा त्यांचा हिशेब आम्हाला दिसतो. हिशेब त्यांना देवगिरीलाच शिकविला होता!

मग ती म्हातारी आली. गावातल्या या बाईने पूर्वी सहस्रभोजनाचा संकल्प केलेला. पुढे दिवस फिरले, गाठीला काही उरले नाही. एक ब्रह्मवेत्ता जेवला तर सहस्रभोजन घडते असे तिला कुणी सांगितले. तिने नाथांना बोलावले. नाथांपुढे पेच पडला. जावे तर मुलाला दिलेला शब्द मोडतो, न जावे तर म्हातारीचे मन मोडते. नाथांनी हरिपंडितांनाच विचारले आणि त्यांनाच सोबत नेले. स्वयंपाक हरिपंडितांनी आपल्या हाताने करावा असे ठरले. शब्द राहिला, म्हातारीचा संकल्पही राहिला. हा तोडगा आम्हाला फार आवडतो. यात मुलाला डिवचणे नाही, फसविणे नाही, आणि तरी तो स्वतःच्या पायाने त्या गरीब घराच्या चुलीपुढे येऊन बसला.

जेवण झाल्यावर नाथांनी हरिपंडितांना पत्रावळ उचलायला सांगितली. त्यांनी ती उचलली तो खाली दुसरी उष्टी पत्रावळ. ती उचलली तो तिसरी. उचलता उचलता हजार पत्रावळी झाल्या म्हणतात, आणि पंडितांचा ताठा त्यांबरोबर उतरला. महिपतीबोवांनी हा चमत्कार रंगवून सांगितला आहे आणि कीर्तनात याच ठिकाणी टाळी पडते. पडावी. पण आमचे मन पत्रावळींपेक्षा वाड्यातल्या त्या रिकाम्या बैठकीपाशी रेंगाळते. ज्याने अठरा हजार ओव्या लिहिल्या तो बाप तिथे श्रोता म्हणून बसून राहिला. मुलाला वडील कळायला एक दिवस लागला, पण त्या दिवसाची तयारी तिथे रोज चालली होती.

हरिपंडितांनी वडिलांचे पाय धरले आणि पुराण पुन्हा त्यांनीच मराठीत सांगावे अशी विनंती केली. नाथांनी मागचे एक अक्षर काढले नाही. लोकांना कळले तशी मंडळी परत येऊ लागली आणि वाडा पहिल्यासारखा भरला.

त्याच घराण्यात नाथांचा नातू, मुलीचा मुलगा, मुक्तेश्वर झाला. त्याने महाभारताची पर्वे मराठी ओवीत उतरविली. त्या घरात आता प्राकृताबद्दल कुणाची तक्रार राहिली नव्हती. नाथांनी शके १५२१ म्हणजे इ. स. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला गोदेत देह ठेवला. तेव्हा भावार्थ रामायणाचे युद्धकांड अर्धेच झाले होते. ते पुढे कुणी नेले? काशीच्या पंडिताने नाही. नाथांच्या घरी पुरणपोळीच्या आशेने राहिलेल्या गावबाने.