कामगारांचे कार्डिनल: जोसेफ कार्डाइन



आपल्या वाडीवाडीत लहान ख्रिस्ती समूहाची सभा भरते. शुभवर्तमानातला उतारा वाचला जातो, त्यावर चार शब्द बोलले जातात आणि शेवटी आपल्या शेजारपाजारात काय करायला हवे याचा विचार होतो. वाय.सी.एस.मध्ये जाणाऱ्या मुलामुलींना तर ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्रिसूत्री तोंडपाठ असते. ही त्रिसूत्री बेल्जियम देशातील एका कोळसा विक्रेत्याच्या मुलाने जगाला दिली. पुढे तो धर्मगुरू झाला आणि वयाच्या ८२व्या वर्षी कार्डिनल झाला. २४ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या जोसेफ कार्डाइन यांची ही जीवनकथा.

मित्र शत्रू का झाले?

जोसेफ यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८८२ रोजी ब्रुसेल्स शहराच्या स्कारबेक भागात झाला. त्यांचे बालपण ब्रुसेल्सजवळच्या हॅले या गावी गेले. हॅले हे पवित्र मरियेचे जुने तीर्थक्षेत्र आहे. वडिलांचा कोळशाचा लहानसा धंदा होता. घरात श्रद्धा होती, कष्ट होते, पैसा मात्र बेताचाच. त्या काळी बेल्जियममध्ये शिक्षण सक्तीचे नव्हते. तो कायदा १९१४ साली आला. गरिबाघरचे मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की त्याचे शिक्षण संपायचे आणि कारखान्याची वाट सुरू व्हायची. पहाटे भोंगा वाजला की ही मुले डोळे चोळत गिरणीकडे निघत. त्यांच्या लाकडी तळव्यांच्या बुटांचा आवाज छोट्या जोसेफच्या कानांवर पडत असे.

जोसेफचीही कारखान्यात जाण्याची वेळ आली. एका रात्री भावंडे झोपल्यावर तो आईवडिलांकडे गेला आणि मला धर्मगुरू व्हायचे आहे, मला शिकू द्या, अशी विनवणी त्याने केली. वडिलांचे वय वाढत चालले होते. मुलगा कमावता झाला तर त्यांना थोडी विश्रांती मिळणार होती. तरीही दोघांनी होकार दिला आणि आणखी कष्ट करायचे ठरवले.

जोसेफ मेखेलनच्या गुरुविद्यालयात दाखल झाला. सुट्टीत तो घरी आला तेव्हा त्याच्या बरोबरीची मुले कामाला लागली होती. ज्यांच्याबरोबर तो खेळला, ज्यांच्याबरोबर पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला, ती मुले आता त्याच्याकडे पाठ फिरवू लागली. त्यांच्यात काही दोष होता असे नाही. कारखान्यातल्या वातावरणाने त्यांना थोड्याच महिन्यांत राठ बनवले होते. धर्मगुरू म्हणजे मालकांच्या बाजूचा माणूस, आपला नव्हे, असे त्यांना वाटू लागले होते. जोसेफ त्यांना परका झाला होता. हा घाव त्याच्या मनातून कधीच भरून निघाला नाही. चांगल्या घरातली, मिस्साला येणारी ही मुले शाळा सोडताच ख्रिस्तसभेपासून का तुटतात, हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळत राहिला.

१९०३ साली वडील मृत्युशय्येवर असल्याचा निरोप आला. जोसेफ धावत घरी गेला. आपल्या शिक्षणासाठी या माणसाने देह झिजवला, हे त्याला ठाऊक होते. पित्याच्या अंथरुणापाशी त्याने मनोमन शपथ घेतली की आपले सारे आयुष्य कामकरी वर्गासाठी वाहायचे.

लाकेनची गल्ली

१९०६ साली त्यांची गुरुदीक्षा झाली. लुवेन विद्यापीठात त्यांनी सामाजिक शास्त्रांचा अभ्यास केला आणि नंतर पाच वर्षे शाळेत शिकवले. सुट्टी मिळाली की ते कामगारांचे जीवन पाहायला बाहेर पडत. इंग्लंडला जाऊन त्यांनी तेथील कामगार पुढाऱ्यांची भेट घेतली आणि साधे गोदीकामगार आपली संघटना स्वतः कशी चालवतात हे जवळून पाहिले.

१९१२ साली लाकेन येथील पवित्र मरियेच्या धर्मग्रामात त्यांची साहाय्यक धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. लाकेन हा ब्रुसेल्सचाच भाग. एका बाजूला राजवाडा आणि दुसऱ्या बाजूला कामगारांच्या दाट वस्त्या. फादर घरोघरी फिरू लागले. शिवणकाम करणाऱ्या आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलींकडे कोणाचेच लक्ष नव्हते. फादरांनी पहिले गट बांधले ते या मुलींचे.

या गटांत ते प्रवचन देत नसत, प्रश्न विचारत. तू कामावर किती वाजता जातेस? मजुरी किती मिळते? दंड कशाकशाचा कापला जातो? नव्या मुलीला पहिल्या दिवशी कशी वागणूक मिळते? आजारी पडलीस तर काय होते? मुलींनी आपापल्या कामाच्या ठिकाणी डोळे उघडे ठेवून माहिती काढायची आणि पुढच्या सभेत सांगायची. आपल्याला काही कळत नाही असे समजणाऱ्या मुली हळूहळू बोलू लागल्या. आपले दुःख एकटीचे नाही, याची त्यांना जाणीव झाली. मग यावर प्रभू येशू काय म्हणेल, आणि उद्या आपण काय करू शकतो, हे प्रश्न ओघानेच आले.

लाकेनमध्येच फर्नांद तोने नावाचा एक तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे पॉल गार्से आणि जाक मेर्त हे दोघे येऊन मिळाले. फादर कार्डाइन आणि हे तीन तरुण म्हणजे भावी चळवळीचा पाया.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियमचा ताबा घेतला. बेल्जियन कामगारांना सक्तीने जर्मनीला नेण्यात येत होते. त्याविरुद्ध बोलल्यामुळे फादरांना तुरुंगवास घडला. सुटका झाल्यावर त्यांना दुसऱ्यांदा पकडण्यात आले. तुरुंगाच्या कोठडीत त्यांनी वाचन केले, प्रार्थना केली आणि भावी चळवळीची टिपणे तयार केली.

सभा कशी चालत असे?

१९१९ साली तरुण कामगारांची संघटना सुरू झाली. १९२५ साली तिला ख्रिस्ती कामगार युवक चळवळ असे रूप मिळाले. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून ती जे.ओ.सी. म्हणून ओळखली गेली. आपण तिला यंग ख्रिश्चन वर्कर्स म्हणतो.

चळवळीचा जीव होता तो लहानसा गट. आठ-दहा तरुण दर आठवड्याला एकत्र येत. सभेचा नायक त्यांच्यातलाच एक कामगार असे. धर्मगुरू बाजूला बसत आणि शक्यतो गप्प राहत. त्यांचे काम सभेच्या आधीचे: नायकाला भेटून त्याची तयारी करून घेणे, त्याला प्रार्थनेत आणि विचारात बळकट करणे. सभेत प्रथम शुभवर्तमानाचे वाचन व मनन होई. नंतर प्रत्येक जण आठवडाभरात प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगे. ऐकीव नको आणि नुसते मतही नको, घडलेली गोष्ट हवी. हे झाले पाहणे. मग देवाच्या योजनेत माणूस कसा जगायला हवा आणि येथे तो कसा जगतो आहे, याची तुलना. हे झाले पारखणे. शेवटी प्रत्येकाने एक लहानशी, जमण्यासारखी कृती पत्करायची: नव्या मुलाची चेष्टा होत असेल तर त्याच्या शेजारी उभे राहायचे, आजारी सोबत्याच्या घरी जायचे, धोकादायक यंत्राबद्दल मुकादमाशी बोलायचे. पुढच्या सभेत पहिला प्रश्न असे, ठरवलेले झाले का?

प्रत्येक सभासदाला आपल्याभोवतीच्या काही सोबत्यांची जबाबदारी घ्यावी लागे. कोणी यंत्राशेजारचा, कोणी गल्लीतला, कोणी रोजच्या रेल्वेगाडीतला. त्यांतूनच नवा नायक हेरायचा आणि त्याने नवा गट उभा करायचा. नायकांसाठी अभ्यासवर्ग भरत. संपूर्ण देशातले गट एकाच वेळी एकाच प्रश्नाची चौकशी करत, त्यामुळे गावोगावची माहिती एकत्र होई. अशा रीतीने दिव्याने दिवा लागत गेला. हजारो तरुण धर्मगुरूंची वाट न पाहता आपापल्या जागी ख्रिस्ताचे काम करू लागले.

विरोध आणि आशीर्वाद

हे सर्व सहजासहजी घडले नाही. मालकवर्गाला फादर कार्डाइन साम्यवादी वाटत, तर साम्यवाद्यांना ते मालकांचे हस्तक वाटत. बेल्जियममधील कॅथलिक युवक संघटनेचे पुढारी सुशिक्षित घरांतले होते. कामगार मुलांची वेगळी चूल कशाला, त्यामुळे समाजात फूट पडेल, असा त्यांचा आक्षेप होता. खुद्द कार्डिनल मेर्सिए यांच्याही मनात शंका होती. अर्धशिक्षित पोरांच्या हाती प्रेषितकार्य सोपवायचे? ती चुकली तर?

मुले चुकतील हे फादर कार्डाइन यांना मान्य होते, पण चुकल्याशिवाय कोणी शिकत नाही असे ते मानत. कारखान्यात कामगाराशेजारी दिवसभर उभा राहतो तो दुसरा कामगार. तिथे धर्मगुरू पोचू शकत नाही. म्हणून कामगारांचा प्रेषित कामगारच व्हायला हवा, यावर ते ठाम होते.

शेवटी १९२५ साली ते रोमला गेले आणि पोप अकरावे पायस यांच्यासमोर त्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले. पोप महोदयांनी त्यांचे मनापासून स्वागत केले आणि चळवळीला आशीर्वाद दिला. त्यानंतर विरोध मावळत गेला. फ्रान्समध्ये फादर जॉर्ज गेरँ यांनी पॅरिसजवळच्या क्लिशी येथे हे कार्य सुरू केले. १९३५ साली चळवळीला दहा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा ब्रुसेल्समध्ये सुमारे एक लाख तरुण जमले होते.

दाखाऊची छळछावणी

दुसरे महायुद्ध आले. बेल्जियमवर पुन्हा जर्मन सत्ता आली. १९४२ साली फादर कार्डाइन यांना अटक झाली आणि त्यांना काही महिने तुरुंगात काढावे लागले. ते जिवंत सुटले, पण त्यांच्या पहिल्या तीन सोबत्यांपैकी दोघांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. फर्नांद तोने आणि पॉल गार्से यांना नाझींनी पकडून दाखाऊच्या छळछावणीत नेले. १९४५ च्या सुरुवातीस, युद्ध संपायला काही महिने उरले असताना, दोघांचाही तेथे अंत झाला.

ज्या पोरांवर भरवसा ठेवू नका असे शहाण्यांनी सांगितले होते, त्या पोरांनी मरणापर्यंत विश्वास राखला. फादरांच्या हाताने घडलेले ते दोघे गेले आणि वयाची साठी ओलांडलेले फादर मागे उरले. या दुःखाने ते खचले नाहीत. त्यांनी पुन्हा प्रवासाची पिशवी उचलली. युरोप, अमेरिका, आफ्रिका, आशिया अशा सर्व खंडांत ते फिरले. १९५७ साली जगभरातून तीस हजारांहून अधिक तरुण कामगार रोममध्ये एकत्र आले आणि पोप बारावे पायस यांनी संत पेत्राच्या चौकात त्यांचे स्वागत केले.

ख्रिस्तसभेची पद्धत

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांविषयी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले होते. त्याच्या सत्तराव्या वर्षी नवे परिपत्रक निघावे, असे फादर कार्डाइन यांनी पोप तेविसावे जॉन यांना सुचवले. त्यानुसार १९६१ साली ‘मातेर एत माजिस्त्रा’ प्रसिद्ध झाले. पाहणे, पारखणे आणि कृती करणे ही पद्धत त्यात स्पष्ट शब्दांत शिफारस केलेली आहे. लाकेनच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींबरोबर सुरू झालेली पद्धत आता साऱ्या ख्रिस्तसभेची झाली.

१९६५ साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना कार्डिनलपद दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटच्या सत्रात ते सहभागी झाले. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याला परिषदेने जे मानाचे स्थान दिले, त्यामागे त्यांचे अर्ध्या शतकाचे कष्ट होते. लॅटिन अमेरिकेतील गोरगरिबांच्या लहान ख्रिस्ती समूहांनी हीच पद्धत उचलली.

१९६७ साली लुवेन येथे वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लाकेनच्या ज्या चर्चमध्ये ते तरुणपणी साहाय्यक धर्मगुरू होते, तेथेच त्यांचा देह विसावला आहे. त्या चर्चमध्ये बेल्जियमचे राजेही पुरले आहेत.

आपल्यासाठी

भाविकहो, आपल्या समूहाच्या सभेत एकच जण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, असे होते का? पुढच्या वेळी थोडा बदल करून पाहू या. कंपनीत पाळीवर जाणारा मुलगा, दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, मासळी विकणारी आपली बहीण यांना विचारू या की या आठवड्यात तू काय पाहिलेस. ती बोलू लागली की आपण गप्प बसू या. मग सर्वांनी मिळून एकच लहानशी कृती ठरवू या आणि पुढच्या सभेत प्रामाणिकपणे विचारू या, ते झाले का?

हे प्रभू येशू, तू नाझरेथमध्ये सुताराचे काम केलेस. आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक कष्टकऱ्याला तुझा प्रेषित कर आणि त्याचे ऐकण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.